हौद्यातला संसार आणि परिवहनाचा कायदा

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले वाहन घेऊन पर्यटकाने जेथे हॉटेल नाही अशा रम्य ठिकाणी मुक्काम करावा, आणि अशा वाहनांसाठी तळ उभारणाऱ्यांना शासनाने करसवलती द्याव्यात, असा त्या धोरणाचा सारांश आहे. धोरण वाईट आहे असे नव्हे. पर्यटन हाही एक उद्योगच आहे आणि उद्योगाला उत्तेजन देणे हे शासनाचे काम आहे. तथापि, चाकांवर संसार थाटून हिंडणारी माणसे या राज्यात शोधू गेल्यास ती महाबळेश्वरला किंवा गणपतीपुळ्याला सापडण्यापूर्वी लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर येथल्या आठवडी बाजारांत सापडतील, ही गोष्ट मसुदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही. ही माणसे मौजेसाठी हिंडत नाहीत. त्यांच्या वाहनात स्नानगृह नसते. आणि शासनाच्या एका खात्याने ज्या कल्पनेला सवलती देऊ केल्या, तीच कल्पना या माणसांनी स्वतःच्या पैशाने अमलात आणली की दुसरे खाते तिला अपराध ठरविते. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपण ज्याला सरसकट 'टेम्पो' म्हणतो ते वस्तुतः हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने ती तीनचाकी भारतात आणली, १९६९ च्या सुमारास मॅटेडोर बाजारात आली, आणि गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर बैलगाडी व मालमोटार यांच्यामधली जागा या वाहनांनी भरून काढली. २००५ साली कंपनीने आपल्या नावातून 'टेम्पो' हा शब्द काढून टाकला. मराठी भाषेने मात्र तो काढला नाही. योगायोग असा की त्याच वर्षी, मे महिन्यात, टाटा मोटर्सने 'एस' हे छोटे मालवाहू वाहन आणले. दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, चार चाके, पाऊण टन भार वाहण्याची अधिकृत क्षमता, आणि तीनचाकीच्या मानाने फार जास्त नाही अशी किंमत. लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' म्हटले. १९८४ पासून मिळू लागलेली मारुती व्हॅन तोवर जुन्या बाजारात स्वस्त झाली होती. या दोन वाहनांनी मराठवाड्याच्या किरकोळ व्यापारात जो पालट घडविला त्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अजून नीट मांडलेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

हा पालट पाहायचा असेल तर पहाटे नांदेडच्या नव्या मोंढ्यात जावे, किंवा लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एकत्र येतात, तेथे दुकाने उघडण्यापूर्वी एक फेरी मारावी. कोपऱ्याकोपऱ्याला उभ्या असलेल्या टेम्पोंच्या ताडपत्रीतून माणसे बाहेर येताना दिसतात. हे स्टीलच्या भांड्यांचे, सोलापुरी चादरींचे, प्लॅस्टिकच्या बादल्यांचे, लसणाचे, कटलरीचे व्यापारी. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या गावचा. सातही दिवस ठरलेले. पूर्वी ही मंडळी एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून जात, धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत निजत आणि सकाळी पाल ठोकीत. आता गाडी हीच वखार, गाडी हेच दुकान आणि गाडी हेच घर झाले आहे. काही घिसाडी कुटुंबांनी बैल विकून जुना टेम्पो घेतला आहे. भाता आणि ऐरण त्यातच. आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या दिंड्यांमागचे टेम्पो पाहावेत. तळाशी शिधा, त्यावर भांडी आणि राहुट्यांचे कापड, मागे पाण्याची टाकी. वारीत पायी चालणाऱ्याचा संसार कोणीतरी वाहून न्यावाच लागतो.

या गाड्यांची घडण कशी होते हे सांगितल्याशिवाय पुढील चर्चा हवेतली वाटेल. कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिला मागे नुसता उघडा हौदा आणि खाली पडणारा फाळका असतो. मालक ती वेल्डिंगच्या दुकानात नेतो. मिस्तरी प्रथम हौद्याच्या कडांवर लोखंडी पाइपांच्या कमानी बसवितो आणि त्यांवर ताडपत्री किंवा पत्रा चढतो. उंची किती ठेवायची यावरून दोघांत वाद होतो. मालकाला आत उभे राहता यावे असे वाटते. जाणता मिस्तरी त्याला बसता येईल एवढ्यावरच थांबवितो, कारण वारा आणि वळण त्याला ठाऊक असते. मग केबिनच्या पाठीशी, हौद्याच्या वरच्या निम्म्या भागात, फळ्यांचा माळा घालतात. दिवसा माळ्यावर हलका माल, रात्री त्यावर मुले. माळ्याखाली जड माल, आणि तो बाजारात उतरला की तेथे मोठ्यांची निजण्याची जागा. एका बाजूचा पत्रा बिजागऱ्यांवर वर उचलता येतो. तो काठीने टेकविला की दुकानाला छप्पर होते. फाळका साखळ्यांवर आडवा धरला की तोच ओटा. त्याच्यावर भाजी चिरणे, पीठ मळणे चालते. हौद्याखाली लोखंडी पेटी टांगून तीत अवजारे आणि शेगडी. पुढे एक जादा बॅटरी, तिच्यावर दोन दिवे आणि एक छोटा पंखा. अखेरीस, आणि ही गोष्ट महत्त्वाची, मागच्या कमानपाट्यात एक-दोन जादा पाटे चढविले जातात, म्हणजे गाडी बसत नाही.

या सगळ्यात कल्पकता आहे आणि तिचे कौतुक वाटते, हे मी लपवीत नाही. परंतु शेवटच्या जादा पाट्याने मला नेहमी अस्वस्थ केले आहे. त्याकडे पुढे येऊ.

मराठवाड्याच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही. मोहरमुद्रांचा आणि सनावळ्यांचा इतिहास बाजूला ठेवून मालाच्या वाहतुकीचा इतिहास पाहिला तर दख्खनच्या पठारावर शतकानुशतके धान्य आणि मीठ वाहिले ते बंजाऱ्यांच्या लमाणांनी. हजारो बैलांचे तांडे. बायकामुले, देव, भांडीकुंडी सगळी बरोबर. मोगलांच्या फौजांना आणि पुढे १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्याला रसद पुरविली तीही त्यांनीच. तांडा ही एकाच वेळी वाहतूक संस्था होती आणि वस्ती होती. मुक्काम आणि मालवाहतूक या दोन गोष्टी वेगळ्या मानण्याची सवय आपल्याला रेल्वेने लावली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोहोचली; देशभर लोहमार्ग पसरत गेले तसतसे तांड्यांचे बैल रिकामे झाले. पाठोपाठ, ज्याचे घर एका जागी नाही तो संशयित, अशी वसाहतवादी शासनाची दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून अनेक भटक्या जमातींच्या वाट्याला आली. तो कायदा १९५२ साली गेला. दृष्टी पूर्णपणे गेली का, हा प्रश्न रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टेम्पोवर काठी आपटणाऱ्या शिपायाकडे पाहिले की मनात येतो.

जाता जाता बार्शी लाइट रेल्वेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने आधी प्रत्येक आसावर किती भार येऊ द्यायचा हे ठरविले, आणि मग इंजिने, डबे व रूळ त्या भाराच्या मानाने बेतले. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात क्रम उलटा असतो: आधी माल, मग गाडी, आणि भाराचा विचार पाटा मोडल्यावर.

आता अर्थकारण. मार्शलने संयुक्त उत्पादनाची कल्पना मांडताना मेंढीचे मांस आणि लोकर यांची उदाहरणे दिली, ती आपण वर्गात शिकवितो. एकाच खर्चातून दोन वस्तू निर्माण होतात, तेव्हा प्रत्येकीवर येणारा खर्च वेगळा काढता येत नाही. छोटा टेम्पो हे त्याचे आपल्या दारातले उदाहरण आहे. गाडीचा हप्ता, विमा, घसारा हा खर्च चाके फिरोत अथवा न फिरोत, द्यावाच लागतो. नुसत्या भाड्यावर चालणारी गाडी दिवसाचे बरेच तास उभी असते, आणि जाताना माल मिळाला तरी परतीचे भाडे मिळेलच असे नाही. तीच गाडी दिवसा दुकान आणि रात्री निवारा झाली तर उभ्या गाडीचेही उत्पन्न सुरू होते. ते रोखीने दिसत नाही. लॉजचे भाडे, जागेचे भाडे, हमाली आणि दोनदा माल चढविण्या-उतरविण्याचा त्रास वाचतो, या रूपाने ते येते. पाचशे रुपयांच्या लॉजमध्ये आठवड्यातून चार रात्री काढणाऱ्या व्यापाऱ्याचे, उदाहरणादाखल धरू, महिन्याला आठ हजार रुपये जातात. इतक्या रकमेत जुन्या गाडीच्या हप्त्याचा बराच भाग निघतो. म्हणजे हौद्यातला माळा ही गरिबाची हौस नाही, ती भांडवलाची शहाणी गुंतवणूक आहे. आणि ती बँकेच्या मदतीवाचून, अनुदानावाचून झाली आहे. आपल्या विभागाच्या मागासलेपणाबद्दल समित्या नेमणाऱ्यांनी या छोट्या भांडवलनिर्मितीची नोंद घ्यायला हरकत नव्हती.

परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निराळे सांगते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असा त्याचा आशय आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावेत. कमानी, माळा, बाजूचा उघडणारा पत्रा, जादा पाटे, असे मोजीत गेल्यास दंडाचा आकडा काही जुन्या गाड्यांच्या किमतीशी स्पर्धा करील. शिवाय गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती हवी. ती मागायला कोणी जात नाही आणि गेला तरी मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रत्यक्षात एवढी कारवाई होते कोठे? होत नाही, हे खरे आहे. परंतु तोच तर या व्यवस्थेचा दोष आहे. जो कायदा सर्वांना लागू होतो आणि कोणालाच नियमाने लावला जात नाही, तो चौकाचौकात चिरीमिरीचे साधन बनतो. वार्षिक पासिंगच्या आदल्या दिवशी माळा उतरवायचा, कमानी सोडवायच्या, जादा पाटे काढायचे आणि तपासणी झाल्यावर पुन्हा सगळे चढवायचे, ही रीत आता इतकी रूढ झाली आहे की मिस्तऱ्यांनी तिचा दर ठरवून टाकला आहे. तपासणी अधिकारी जी गाडी पाहतो ती रस्त्यावर कधी धावतच नाही. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाचे याहून मोठे विडंबन कोणते असेल?

कायद्याला वाहनाचे दुसरे उपयोग मान्यच नाहीत असे मात्र नव्हे. केंद्र शासनाने २००४ साली वाहनांच्या प्रकारांची जी यादी अधिसूचित केली तीत फिरते दवाखाने, फिरती ग्रंथालये, फिरती उपाहारगृहे, फिरत्या कार्यशाळा आणि कॅम्पर व्हॅन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोटार कॅरव्हॅनच्या बांधणीसाठी स्वतंत्र मानकेही आहेत. परंतु मान्यतेचा मार्ग पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांतून जातो. एकसारख्या शेकडो गाड्या बांधणाऱ्या कंपनीला तो परवडतो. एकच गाडी असलेल्या चाकूरच्या लसूणवाल्याला परवडत नाही. म्हणजे नियमाचा दरवाजा आहे, पण त्याचा उंबरठा मोठ्या उत्पादकाच्या पावलाच्या मापाने घातलेला आहे.

निकडीच्या वेळी शासन स्वतः काय करते तेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचा घसा कोरडा पडला तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या. पन्नास टाक्यांचा तो संच राजस्थानातील कोटा येथील रेल्वेच्या कार्यशाळेत वाफेने स्वच्छ करून पाण्यासाठी सिद्ध केलेला होता. वाहनाचा उपयोग बदलण्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण आपल्या भागात नाही, आणि त्याबद्दल रेल्वेचे आभारच मानले पाहिजेत. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या गल्ल्यांतून छोट्या टेम्पोंवर प्लॅस्टिकच्या टाक्या बांधून पाणी पोहोचविले गेले. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन होते. गाडीची क्षमता पाऊण टन. त्या दिवसांत कोणाला कलम ५२ ची किंवा भारमर्यादेची आठवण झाल्याचे ऐकिवात नाही.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. जगप्रसिद्ध फोक्सवॅगन व्हॅनची मूळ कल्पनाच कारखान्यातील एका जुळविलेल्या गाडीवरून सुचली. कामगारांनी मोटारीच्या सांगाड्यावर फळी टाकून माल हलविण्यासाठी एक सपाट गाडी केली होती. ती पाहून डच व्यापारी बेन पॉन याने १९४७ साली वहीत एक रेखाचित्र काढले आणि १९५० साली ती व्हॅन बाजारात आली. लगेच १९५१ साली वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी एक 'कॅम्पिंग बॉक्स' तयार केला. त्यातले मर्म असे की हे सामान सुटे होते. आठवडाभर व्हॅनने माल वाहावा आणि सुटीच्या दिवशी पेट्या आत ठेवून कुटुंबाने तीत मुक्काम करावा. जपानमध्ये ६६० सीसीच्या छोट्या ट्रकांवर लाकडाची लहानशी खोली ठेवून हिंडणारे लोक आहेत. खोली सुटी असेल, उचलून खाली ठेवता येत असेल आणि गाडीच्या साडेतीनशे किलोंच्या भारमर्यादेत व ठरलेल्या उंचीत बसत असेल, तर तेथे तिला गाडीतील बदल न समजता गाडीतील माल समजतात. आपली मारुती व्हॅन याच जपानी छोट्या गाड्यांच्या वंशातली होती हे लक्षात घेतले तर हा दृष्टांत आपल्याला परका वाटू नये.

सुटे आणि जोडलेले हा भेद आपल्या नियमांत स्पष्टपणे आणणे, ही माझ्या मते पहिली गरज आहे. सांगाड्याला, कमानपाट्याला, ब्रेकला, इंजिनाला हात लावला तर तो बदल. त्याला मान्यता हवीच. पण बोल्ट सोडून तासाभरात उतरविता येणारा माळा, पेटी, ओटा हा माल. त्याचे वजन मालाच्या वजनात धरावे, उंची मर्यादेत असावी, आणि पुढे पोलिसाने किंवा अधिकाऱ्याने त्याबद्दल काही विचारू नये. असे झाले तर पासिंगच्या आदल्या रात्रीचे नाटकही संपेल.

येथे कौतुक थांबवून धोक्यांविषयी बोलले पाहिजे. माळा, पत्रा, कमानी, पाण्याचे पिंप, बॅटरी यांचे वजन शंभर-सव्वाशे किलो सहज होते. पाऊण टनातून ते वजा केले तर माल सहाशे किलोंच्या आसपासच भरला पाहिजे. भरतात किती, हे बाजारातून निघालेल्या गाडीकडे पाहून कोणीही सांगेल. जादा पाट्याने गाडी बसत नाही, पण ब्रेक तेच राहतात, टायर तेच राहतात. पाट्याने फक्त धोक्याची खूण पुसली जाते. उंच केलेल्या टपामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरकडे जाणाऱ्या आताच्या रुंद रस्त्यावर गाड्यांचा जो वेग असतो त्या वेगात अशी गाडी आडव्या वाऱ्याला डगमगते. आत गॅसची शेगडी, वर ताडपत्री, शेजारी डिझेलची टाकी आणि दोन झोपलेली मुले, हे चित्र कोणाही विचारी माणसाला भयभीत करील. स्वयंपाक गाडीच्या बाहेरच झाला पाहिजे आणि सिलिंडर हौद्याच्या बाहेर, बंद नसलेल्या जाळीत बांधलेला असला पाहिजे, याविषयी दुमत होऊ नये.

याहून गंभीर गोष्ट विम्याची आहे, आणि ती हौद्यात बसणाऱ्या बायकामुलांना कोणी सांगत नाही. मालवाहू वाहनातून जाणाऱ्या प्रवाशाच्या मृत्यूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी डिसेंबर २००२ मध्ये दिला. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण मिळाले. परंतु मालाचा मालकसुद्धा केबिनमध्येच बसलेला असला पाहिजे, असे २००७ सालच्या एका निर्णयात न्यायालयाने म्हटले. याचा व्यवहारातला अर्थ असा. नवरा गाडी चालवितो, शेजारी मोठा मुलगा बसतो, बायको धाकट्या मुलीला घेऊन मागे मालावर बसते. गाडी उलटली तर त्या बाईच्या आणि मुलीच्या जिवाचे मोल विमा कंपनीच्या दृष्टीने शून्य. वर्षानुवर्षे भरलेला हप्ता त्यांच्यासाठी नव्हताच. लग्नाच्या वऱ्हाडाला, मजुरांच्या टोळीला, दिंडीत पाय सुजले म्हणून टेम्पोत चढलेल्या म्हातारीला हाच न्याय. २०२१-२२ मधील एस.टी.च्या दीर्घ संपाच्या काळात किती खेडुतांनी अशा हौद्यांतून प्रवास केला हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

न्यायालयाला दोष देऊन भागणार नाही. विमा हा करार आहे आणि करारात जो धोका लिहिलेला नाही त्याची किंमत कंपनीने घेतलेली नसते. तेव्हा उत्तर करार बदलण्यात आहे. दुहेरी केबिनची मालवाहू वाहने आज मिळतात. त्यांतल्या एका लोकप्रिय गाडीचे नावच 'कॅम्पर' आहे, जरी तीत मुक्काम केलेला मनुष्य मला अजून भेटलेला नाही. पण ती छोट्या टेम्पोच्या मानाने बरीच महाग पडते. छोट्या गाडीला केबिनमागे दोन-तीन आसनांची, पट्टे असलेली मान्यताप्राप्त जोड देता आली, हौद्याची लांबी तेवढी घटली, आणि त्या आसनांचा वेगळा विमाहप्ता घेतला, तर व्यापारी तो आनंदाने भरील. कुटुंबाला सुरक्षित बसविण्यासाठी हौद्यातील दोन फूट जागा सोडायला तो तयार होतो की नाही, हे त्याला तसा पर्याय दिल्याखेरीज कसे कळणार? परवान्याच्या बाबतीत कायद्याने आणि न्यायालयाने अलीकडे व्यवहाराला धरून भूमिका घेतली आहे. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही, आणि हलक्या मोटारीचे लायसन असलेल्या चालकाला साडेसात टनांखालील मालवाहू वाहनही चालविता येते, असा निर्वाळा घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तोच व्यवहारीपणा बांधणीच्या बाबतीत दाखविण्यास अडचण कोणती?

२०१९ च्या दुरुस्तीनेच त्याची सोय करून ठेवली आहे. वाहनांतील बदल, त्यांची मान्यता आणि त्यासाठीच्या अटी केंद्र शासनाने विहित कराव्यात, असा अधिकार कलम ५२ मध्येच घातलेला आहे. अपंग व्यक्तीला आपले वाहन स्वतःच्या सोयीचे करून घेण्याची मुभाही त्याच कलमात आहे. त्या अधिकाराचा उपयोग करून लहान मालवाहू वाहनांसाठी चार-पाच नमुना आराखडे एकदाच तपासून मंजूर करावेत. फिरते दुकान, मुक्कामाची गाडी, फिरती कार्यशाळा, पाण्याची गाडी. आराखडा मराठीत, चित्रांसह छापावा आणि त्यात पाइपाची जाडी, टपाची कमाल उंची, सिलिंडरची जागा, वजनाचा हिशेब दिलेला असावा. त्या आराखड्याप्रमाणे बांधलेली गाडी एमएच-२६ असो वा एमएच-२४, स्थानिक परिवहन कार्यालयाने पाहून नोंद करावी. पुण्याला जावे लागू नये. आराखडे करायला माणसे येथेच आहेत. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. आमचे विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली दरवर्षी जे बाड जमा करतात, त्यातले काही रस्त्यावर धावले तर त्यांनाही शिकण्यात गोडी वाटेल. आणि वेल्डिंगच्या दुकानातील मिस्तरी, ज्याला उंचीचे गणित पुस्तकावाचून येते, त्याला महिनाभराचे प्रशिक्षण देऊन प्रमाणित करता येईल. आज त्याचे सगळे ज्ञान बेकायदा आहे.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे, कारण त्याला कायदा बदलावा लागत नाही. आठवडी बाजारात ग्रामपंचायत आणि नगरपालिका तहबाजारी वसूल करतात. पावती फाडली जाते, पण त्या पावतीच्या बदल्यात व्यापाऱ्याला पाण्याचा नळ आणि बाईमाणसाला आडोशाचा संडास मिळतो असे फार थोड्या गावांत दिसते. टेम्पोत राहणाऱ्या स्त्रिया सूर्योदयापूर्वी उठतात त्याचे कारण व्यापार हे नसते. कृषी उत्पन्न बाजार समित्यांची आवारे रात्री रिकामी, दिवे असलेली आणि राखणदार असलेली असतात. लातूरच्या मोंढ्यात तुरीचा आणि सोयाबीनचा हंगाम चालतो तेव्हाची गर्दी सोडली तर तेथे पन्नास छोट्या गाड्या रात्रभर उभ्या राहू शकतील. नाममात्र भाडे घ्यावे, आणि नळ व संडास द्यावा. कॅरव्हॅन धोरणातील तळांच्या सवलती बाजार समित्यांच्या अशा तळांना लागू केल्या तर शासनाचा खर्चही फारसा वाढणार नाही. धोरणात 'पर्यटक' हा शब्द आहे, 'व्यापारी' नाही, अशी हरकत निघेल. शब्द घालायला एक शासन निर्णय पुरतो.

आणि सुरुवात करायची तर माळेगावापासून करावी. लोहा तालुक्यातील खंडोबाच्या त्या यात्रेला मार्गशीर्षात घोडे, गाढवे, बैल येतात, भटक्या-विमुक्त समाजांची माणसे दुरून येतात, आणि आता त्यांच्याबरोबर शेकडो छोटे टेम्पो येतात. जिल्हा परिषद तेथे पशुप्रदर्शन भरविते. त्याच माळावर परिवहन खात्याने चार दिवस एक मांडव घालावा. वजनकाटा ठेवावा, दंडाचे पुस्तक कार्यालयात ठेवून यावे, येईल ती गाडी तोलून मालकाला तिचे खरे वजन कागदावर लिहून द्यावे, गॅस कोठे बांधायचा ते दाखवावे, विम्याचा अर्थ बायकांना समजावून सांगावा, आणि चांगल्या बांधलेल्या गाड्यांची मापे घ्यावीत. नमुना आराखड्यांसाठी लागणारी बरीचशी माहिती त्या चार दिवसांत जमा होईल.